पाच पौंडांची लाथ

कोल्हारच्या पीरमहंमद पिंजाऱ्यानं आयुष्यात जितक्या मोठ्या माणसांना लाथ मारली, तितक्यांना एखाद्या कलेक्टरनंही मारली नसेल. आणि लाथ खाणारे आपण होऊन यायचे, वर त्याला दुवा देऊन जायचे.

तो पायाळू होता. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकलेलं माणूस सरळ होईना, की पायाळूच्या दारात जायचं, उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पाठीत लाथ खायची. पायाळूनं त्याचा पैसा घ्यायचा नाही, घेतला की गुण जातो. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, आणि त्याच्या डोळ्यात अंजन घातलं तर त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं. पीरमहंमदचाचा लहान असताना गावातल्या दोघा हुशार माणसांनी तेही करून पाहिलं होतं. चाचाचे डोळे आठ दिवस सुजले, आणि धन काही दिसलं नाही.

मी गिदोन, कोल्हारचाच. मिशनच्या शाळेत शिकलो आणि नगरच्या एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, प्लॅस्टर भिजवणं ही माझी कामं, त्यामुळे विज्ञान माझ्यावाचून अडलं आहे असं मला वाटायचं. रजेवर गावी आलो की मी पायाळूच्या लाथेविरुद्ध व्याख्यानं द्यायचो. एकदा असंच तावातावानं बोलताना मला शिंक आली आणि पाठीत अशी उसण भरली की मान वर करता येईना. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, कुणी बघत नाही असं पाहून, मी चाचाच्या उंबऱ्यावर पालथा पडलो होतो. चाचानं ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही. फक्त गावाला सांगितली.

त्याच्या लाथेची प्रतवारी होती. मोळी वाहून पाठ धरलेल्या बाईला तो घोंगडी टाकून वरून नुसता अंगठा टेकवायचा. साध्या शेतकऱ्याला तळवा. तलाठ्याला टाच. आणि काकासाहेब पाटलांना तो दोन पावलं मागं सरून, छाती भरून श्वास घेऊन, मगच मारायचा. पाटलांच्या तोंडून 'हुं' असा आवाज निघायचा आणि ओट्यावर जमलेली माणसं आकाशाकडे बघायची. पाटील उठायचे, धोतर झटकायचे, "गेली रं पिऱ्या" म्हणायचे आणि मागं न बघता चालू लागायचे.

एरवी चाचाला गावात काय किंमत होती? वर्षातले सहा महिने तो पिंजण खांद्यावर टाकून या गावाहून त्या गावाला फिरायचा. दारोदार गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा, केसांत, भुवयांत कापूस घेऊन घरी यायचा. त्याला 'ए पिंजाऱ्या' म्हणून हाक मारायला लहान पोरंही कचरत नसत. पाटलांच्या गाद्या पिंजायच्या तर त्यांच्या ओट्याखाली उन्हात बसून पिंजायच्या. एवढ्या सगळ्याला एकच उतारा होता, आणि तो त्याच्या उजव्या पायात होता.

शेहेचाळीस सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. घोडीवर मांड टाकताना पाटलांच्या कंबरेत उसण भरली. पाटील मोठे काळजीपूर्वक वागणारे. चाचाकडे जाण्याआधी त्यांनी न्हाव्याला बोलावून दोन तास तेल चोळून घेतलं, आणि तसेच तेलकट पाठीनं उंबऱ्यावर येऊन आडवे झाले. चाचा दोन पावलं मागं सरला, श्वास घेतला, आणि लाथ मारली. पाय पाटलांच्या पाठीवरून मासळीसारखा सटकला आणि चाचा पायरीच्या दगडावर उजव्या खुब्यावर आदळला. त्या आवाजानंच पाटलांची उसण पळाली. ते ताडकन उभे राहिले, आणि चाचा मात्र उठेना.

दोघांनी धरून उठवल्यावर तो लंगडत चार पावलं चालला. खुब्यात कळ होती, पण पाय टेकत होता. म्हणजे हाड शाबूत आहे, नुसती उसण भरली आहे, असा गावानं निकाल दिला. आता उसणीवर औषध एकच, पायाळूची लाथ. आणि गावातला एकुलता एक पायाळू म्हणजे खुद्द चाचा. स्वतःच्या खुब्यात स्वतः लाथ मारायची कला अजून कुणाला साधलेली नाही. मग पाटलांनीच, आपल्या तेलामुळे झालं म्हणून, राहुरीला माणूस धाडून तिथल्या पायाळूला बोलावणं केलं.

राहुरीच्या या पायाळूचं नाव श्रीमंत, आणि तो जुना पैलवान होता. वीस वर्षं तो सांगत फिरत होता, "त्या पिंजाऱ्याचं पाय आदी आलं का डोस्कं, कुनी पाह्यलंय?" आता तोच पिंजारी आपल्यासमोर कुशीवर पडलेला पाहून त्यानं मिशीला पीळ दिला, बाराबंदी काढली आणि वीस वर्षांचा हिशेब एका लाथेत चुकता केला. कट् असा आवाज झाला. चाचा इतका ओरडला की प्रवरेच्या पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या. पाय दोन बोटं आखूड झाला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला तोंड करून पडलं. श्रीमंत म्हणाला, "गुन यायाला जरा येळ लागंल," आणि मिळेल त्या मोटारीनं तो राहुरीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या ट्रकमधून, पाट्यांच्या मधे बाज ठेवून, चाचाला नगरला आमच्या दवाखान्यात आणलं. सोबत त्याची बायको जरीनाचाची होती. बाज उतरवताना मी पुढं झालो, तर चाचा कळवळतच म्हणाला, "गिदू, तुजी उसण परत न्हाई ना भरली?" मी म्हटलं, चाचा, गप पडून राहा.

डॉक्टर एलिया साळवे नुकतेच लढाईवरून परतले होते. इटलीतल्या लष्करी दवाखान्यात त्यांनी हाडांचं काम शिकून घेतलं होतं, आणि ते कधी करायला मिळतं याची ते वाट बघत होते. त्यांनी खुब्याचा क्ष-किरण फोटो काढला, काच उजेडात धरली आणि चाचाला समजावून सांगितलं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खालची मान पडल्यावर तडकली होती. पण तडकलेली टोकं एकमेकांत रुतून बसली होती, म्हणून चार पावलं चालता आलं. नुसतं पडून राहिला असता तर कदाचित आपोआप सांधली असती. लाथेनं ती उखडली.

"लाथ कुणी मारली? आणि इतक्या जोरानं?" डॉक्टर चिडले होते.

"जोर चांगला हुता सायेब," चाचा म्हणाला. धंद्यातल्या माणसाबद्दल त्याला अन्याय करायचा नव्हता. "पर जागा चुकली."

पूर्वी असा रोगी आला की त्याला छातीपासून पावलापर्यंत प्लॅस्टरमध्ये बंद करून महिनोन् महिने उताणा ठेवत. पाठीला जखमा होत, छाती भरून येई. मी असे दोघे प्लॅस्टरमधून निघून थेट स्मशानाकडे जाताना पाहिले होते. जगले त्यांचा खुबा काठीसारखा ताठ व्हायचा. डॉक्टरांकडे आता दुसरा उपाय होता. तीन पाकळ्यांचा, न गंजणारा पोलादी खिळा. मांडीच्या बाजूनं तो आत ठोकायचा, मानेतून थेट गोळ्यात, म्हणजे दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात आणि सांधा मोकळाच राहतो. लढाईतून उरलेल्या सामानातून त्यांनी असे सहा खिळे आणले होते आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले होते.

"चालता येईल," डॉक्टर म्हणाले. "मांडी घालता येईल. नमाज पढता येईल. कापूस पिंजता येईल."

"लाथ मारता यील का?" चाचानं विचारलं.

"कुणाला?"

"पाटलाला."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग मी त्यांना पायाळूचं सगळं शास्त्र सांगितलं, माझ्या उसणीचा भाग वगळून. डॉक्टर चर्चमध्ये प्रवचन करणारे गृहस्थ, त्यांना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितलं, की लाथ आता या जन्मात नाही. झटका बसला तर खिळा सरकेल, आणि मग तेही काही करू शकणार नाहीत.

"मंग ऱ्हाऊ द्या," चाचा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

जरीनाचाची भडकली. "काय ऐकू नका सायेब त्यांचं. ठोका खिळा. दोन ठोका." पण पायाच्या धन्याच्या मर्जीविरुद्ध डॉक्टर खिळा ठोकणारे नव्हते. दोन दिवस गेले. उशीर होईल तसं हाड सांधणं अवघड होत होतं, आणि हा माणूस भिंत बघत पडला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाखालच्या उशा सारख्या करताना मी त्याला खूप बोललो. तुझ्या लाथेत काही नाही, उसण काय आज ना उद्या आपोआप जाते, आणि त्यापायी तू पांगळा होणार.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गिदू, तू शाळा शिकला. तुला लोक आता गिदोनराव म्हनत्यात. मला कोन म्हनतंय रं काय? ज्याच्या म्होरं मी जोडं काडून उबा ऱ्हातो, तो माज्या दारात येऊन पालथा पडतो. तेवढा येक घटकाभर मी मानूस असतो. तेवढं बी गेल्यावर ह्यो पाय ठिवून करू काय?"

मला रडू आलं. जखमा धुणाऱ्या माणसानं रडू नये, म्हणून मी बाहेर जाऊन हात धुतले. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते उठून चाचाच्या खाटेशी आले.

"लाथ नाही. पण पाय टेकवता येईल. पाच पौंडांइतका भार, जास्त नाही."

चाचा वळला. "धा करा."

"पाच."

"सात करा सायेब. पाटील जाड हायेत."

"पाच, आणि तेही सहा महिन्यांनी. कबूल असेल तर अंगठा करा."

चाचानं अंगठा केला.

शस्त्रक्रियेच्या वेळी कण्यात सुई देऊन त्याचं कंबरेखालचं अंग बधिर केलं होतं, पण तो जागा होता. पाय धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी आधी एक बारीक तार घातली, फोटो काढला, तार तिरपी गेली म्हणून काढून पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला ती नेमकी गोळ्याच्या मध्यात दिसली. मग त्या तारेवरून खिळा सरकवून ते हातोडीनं ठोकू लागले. आम्ही सगळे श्वास धरून होतो, आणि पडद्यापलीकडून चाचाचा आवाज आला, "सायेब, ठोका येकसारका टाका. येक जड, येक हलका पडतोय. असा कापूस बी पिंजत न्हाईत."

डॉक्टरांचे हात थांबले. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी खांदे सैल सोडले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठोके खरंच एकसारखे पडले. खिळा ठोकण्याबद्दलची ही सूचना मी नंतर कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा खाटेवर उठून बसला आणि पोहे मागू लागला, तेव्हा वॉर्डातले लोक त्याला बघायला आले. खुबा मोडलेला माणूस बसलेला कुणी पाहिलाच नव्हता. काही महिन्यांनी, फोटोत हाड धरलेलं दिसू लागल्यावर, डॉक्टरांनी त्याला माझ्या ताब्यात दिलं. तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा आम्ही जमिनीवर ठेवला, चाचाला कुबड्यांवर उभं केलं, आणि पाच पौंड म्हणजे किती ते त्याच्या पायाला शिकवू लागलो. पहिल्या दिवशी काटा अकरावर गेला. दुसऱ्या दिवशी चौदावर. मी विचारलं, "डोळ्यांपुढं कोण आहे?" "तलाठी," तो म्हणाला. मी म्हटलं, जरीनाचाचीची पाठ डोळ्यांपुढं आण. चाचा लाजला, डोळे मिटले, आणि काटा पाचावर येऊन थांबला.

जूनमध्ये तो काठी टेकत, आपल्या पायानं कोल्हारात मोटारीतून उतरला. गाव बघायला लोटलं. लोकांनी पाय चाचपून पाहिला, खिळा लागतो का म्हणून. मग पारावर चर्चा सुरू झाली. पायाळू आधीच विजेला प्रिय, आणि आता त्याच्या मांडीत पोलाद! ढग आले की शेजारचे लोक बिऱ्हाड घेऊन देवळात जाऊ लागले. पण खरा घाव दुसराच होता. गावच्या जोशीबुवांनी शंका काढली की जन्मला तो पाय आणि हा पाय आता एक राहिले नाहीत, यात विलायती लोखंड आहे, तेव्हा गुण गेला असणार. शंका लोकांना पटली. उसण भरली की माणसं राहुरीला श्रीमंतकडे जाऊ लागली.

मी ऑगस्टात रजेवर गेलो. चाचा मांडी घालून बसला होता, पिंजण चालू होती, पाय झकास होता. मला विज्ञानाचा अभिमान वाटला. मी म्हटलं, "चाचा, बघ!"

"बगतोय," तो म्हणाला. तो उंबऱ्याकडे बघत होता. "दोन म्हैनं बगतोय. कुत्रं बी आडवं पडलं न्हाई."

मी उगाच उंबऱ्यावरचा कापूस वेचू लागलो.

आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी काकासाहेब पाटील दोघा गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून, कमानीसारखे वाकून दारात आले. ते राहुरीला का गेले नाहीत हे विचारायची गरज नव्हती. श्रीमंतची लाथ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. गडी त्यांना उंबऱ्यावर पालथं घालून बाहेर गेले. "पिऱ्या," पाटील जमिनीशी बोलले, "हान. व्हईल ते व्हईल."

जरीनाचाचीनं पदराचं टोक तोंडात धरलं. मी चाचाजवळ जाऊन कानात म्हटलं, "पाच." चाचानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात काठी. सवयीनं तो मागं सरायला गेला, थांबला. मग त्यानं डोळे मिटले आणि उजवं पाऊल पाटलांच्या कमरेवर ठेवलं. पावलाखालचा सदराही हलला नाही. एवढ्या अलगद त्यानं कुणाला पाय लावलेला मी पाहिला नव्हता. दहा-बारा श्वासांइतका वेळ तो तसाच राहिला, आणि त्यानं पाऊल उचललं.

पाटील हळूच एका हातावर उठले. मग गुडघ्यावर. मग उभे राहिले, कंबर डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"गेली," ते म्हणाले.

चाचाच्या तोंडावर जे काही आलं ते मला नीट बघवलं नाही. पण पाटलांच्या कपाळाला हळूहळू आठी पडत होती. ते विचार करत होते, आणि विचार कुठं चालला आहे ते मला दिसत होतं.

"पिऱ्या," ते म्हणाले, "येवढ्यानं जर भागत हुतं, तर मंग वीस वर्सं मला त्या लाता कशापायी घातल्या?"

जरीनाचाची दाराआड सरकली. मी मनात नगरला जाणाऱ्या पहिल्या मोटारीची वेळ आठवू लागलो. चाचा मात्र काठीवर रेलून पाटलांकडे बघत होता. खोटं बोलायला त्याला पुष्कळ वाव होता. तेव्हा पायात गुण कमी होता, म्हणून जोर लावावा लागायचा, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पाटील," तो म्हणाला, "तुमची पाठ पाच पौंडातच बरी व्हायाची. वरचं समदं माज्यासाठी हुतं."

पाटील बघत राहिले. ओट्याखाली बसून पिंजलेल्या गाद्या त्यांना आठवल्या, की तेल आठवलं, मला ठाऊक नाही. मी तयारीत होतो, की हात उचलला तर मधे पडायचं. पण हात उचलला नाही. पाटलांनी पायातले जोडे काढले, उंबऱ्याच्या आत आले, आणि चाचाच्या पिंजलेल्या कापसाशेजारी अंथरलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसले.

"बस की पीरभाई," ते म्हणाले. "जरीनाबी, चा टाका."

वीस वर्षं पाटील त्या घरी येत होते, पण आजवर नुसते पालथे पडून गेले होते. बसले त्या दिवशी पहिल्यांदा.